यकृताची गाठ आणि टप्प्याटप्प्याचा उपचार

(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



मंडळाच्या सभेत कर्करोगासारखा विषय कशाला, असे एकदोघींचे म्हणणे पडले होते. परंतु ज्या घरात हा आजार शिरतो त्या घरात कागदांची पिशवी सांभाळणारी, गोळ्यांच्या वेळा पाहणारी आणि रात्री उशाशी बसणारी बहुधा बाईच असते. तेव्हा हा विषय आपलाच आहे. मी काही डॉक्टरीण नव्हे. आमच्या थोरल्या दिरांना यकृताचा कर्करोग झाला, त्या निमित्ताने जाऊबाईंबरोबर तीन वर्षे मुंबईच्या खेपा केल्या आणि दर खेपेला डॉक्टरांनी जे सांगितले ते वहीत उतरून घेतले. आजचे टिपण आपल्या भागातल्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतले आहे, म्हणून धीराने वाचते.

यकृत पोटात उजव्या अंगाला बरगड्यांच्या आड असते. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणून मिळते, तोच हा अवयव. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे सव्वा ते दीड किलो भरते. पोटातला एवढा मोठा दुसरा अवयव नाही. आतड्यांतून निघालेला अन्नरस आधी येथे येतो. पित्त येथे तयार होते, रक्त गोठविणारे पदार्थ येथेच, साखरेचा साठा येथे आणि विषाचा निचराही येथेच. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारी आणि स्वतःच्या दुखण्याविषयी चकार शब्द न काढणारी एखादी सासुरवाशीण असते ना, तसा हा अवयव. त्याच्या आत गाठ झाली तरी तो लवकर दुखत नाही. दुखू लागते, वजन घटते, पोटात पाणी होते किंवा कावीळ दिसते, तोवर बहुतेक वेळा गाठ बरीच वाढलेली असते.

यकृताच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे सगळे समजते. पहिली ही की, यकृत कापले तर उरलेला भाग पुन्हा वाढतो. गेलेला तुकडा त्याच आकाराने उगवत नाही, पण उरलेला भाग फुगून त्याचे काम उचलतो. दुसरी ही की, यकृताला रक्त दोन वाटांनी येते. एक वाट हृदयाकडून येणाऱ्या रोहिणीची. तिच्यातून साधारण पाव हिस्सा रक्त येते. दुसरी आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेची, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. तिच्यातून पाऊण हिस्सा. एका शेताला दोन पाट असावेत तसे. गंमत अशी की, यकृतात उपजलेली कर्करोगाची गाठ जवळजवळ सगळे पोषण रोहिणीच्या पाटातून घेते, आणि चांगले यकृत मुख्यतः दुसऱ्या पाटावर जगते. तणाला एका पाटाचे पाणी आणि पिकाला दुसऱ्याचे, असे असल्यावर शहाणा शेतकरी काय करील ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता मुख्य मुद्दा. स्तनाला गाठ झाली तर भोवतीचा भाग सहसा निरोगी असतो. यकृताचे तसे नाही. यकृताचा कर्करोग झालेल्या बहुतेक माणसांचे यकृत आधीच वर्षानुवर्षे आजारी असते; सुजून सुजून ते निबर झालेले असते. त्याला सिरॉसिस म्हणतात. म्हणजे रोगी एक आणि रोग दोन. भोपळ्याला एका बाजूस डाग पडला तर आपण तेवढा भाग काढून टाकतो आणि उरलेल्याची भाजी करतो. पण भोवतालचा भोपळाही बिघडलेला असेल तर सुरी कोठपर्यंत चालवायची? थोडे कापले तर डाग राहतो, फार कापले तर हाती काही उरत नाही. सर्जनपुढे हाच प्रश्न असतो. आणि म्हणूनच या रोगात नुसती शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरी पडत नाही. तिच्या आधी काही, तिच्या नंतर काही, असे जोडून उपचार करावे लागतात.

आमच्या दिरांचे वय तेव्हा अठ्ठावन्न. शेती करणारे, माळकरी, दारूचा थेंबही कधी घेतला नाही. यकृताचा कर्करोग म्हटल्याबरोबर गावात कुजबुज झाली की चोरून पीत असले पाहिजेत. जाऊबाईंना आजारापेक्षा ही कुजबुज जास्त लागली. दारू हे एक कारण आहे खरे, पण एकमेव नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन विषाणूंची जुनी कावीळ हे फार मोठे कारण आहे. मधुमेह आणि लठ्ठपणा यांच्या जोडीने यकृतात चरबी साठते, तेही कारण आता वाढत आहे. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते, ते वर्षानुवर्षे पोटात जाणे हेही एक. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागांत असला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृत निकामी होऊन दगावली होती. ते विष भाजल्याने पुरते जात नाही. तेव्हा कुटाला दाणे घेताना बुरशीचा दाणा दिसला तर तो भाजून खपविण्याची काटकसर करू नका.

दिरांच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. त्यांना तो लहानपणापासून असावा, असे डॉक्टर म्हणाले.

गाठ यकृताच्या उजव्या भागात होती, सात सेंटिमीटरची, म्हणजे मोसंब्याएवढी. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही गेलो. तेथे एका डॉक्टराने निर्णय दिला नाही. सर्जन, यकृताचे डॉक्टर, कर्करोगाच्या औषधांचे डॉक्टर आणि नळी घालून उपचार करणारे एक्स-रे विभागाचे डॉक्टर, असे चौघे एकत्र बसले, फोटो पाहिले आणि मग आम्हांला बोलाविले. त्यांनी सांगितलेला क्रम असा : आधी मांडीतून नळी घालून गाठीत औषध सोडायचे, काही आठवड्यांनी यकृताची एक शीर बंद करायची, मग पाचसहा आठवडे थांबायचे, मग पुन्हा फोटो, आणि तो मनासारखा आला तर ऑपरेशन.

हे ऐकून आमच्या घरात काय झाले ते सांगते, कारण तुमच्याही घरात तेच होईल. पुतण्या म्हणाला, "ह्यांनाच नक्की माहीत नाही, म्हणून एकामागून एक करून पाहताहेत." माझे चुलतदीर म्हणाले, "बिल वाढवायचे धंदे आहेत." एक व्याही सांगू लागले, "अमक्या गावी एकजण माळ देतो, ती पायापर्यंत लांबली की कावीळ उतरते." स्वतः दीर म्हणाले, "काढायची तर आजच काढा. महिना दीड महिना गाठ पोटात ठेवून मी घरी झोपू कसा?" हा शेवटचा प्रश्न मात्र खरा होता. जाऊबाईंनी तोच डॉक्टरांना विचारला, आणि त्या तरुण सर्जनने कागदावर यकृताचे चित्र काढून उत्तर दिले. तो कागद अजून वहीत आहे.

त्याने सांगितले ते असे. यकृताचे आठ भाग असतात. प्रत्येकाला स्वतंत्र रक्तपुरवठा आहे. कुइनो नावाच्या फ्रेंच सर्जनाने १९५० नंतरच्या दशकात ही रचना नीट मांडून दाखविली, आणि तेव्हापासून अमका भाग काढायचा नि अमका ठेवायचा, हे नेमके ठरविता येऊ लागले. दिरांची गाठ काढायची तर सगळा उजवा भाग काढावा लागणार होता. मोजमाप करून पाहिले तेव्हा मागे जो डावा भाग उरणार तो अठ्ठावीस टक्के निघाला. निरोगी माणसाचे वीसपंचवीस टक्के यकृत उरले तरी तो तगतो, परंतु निबर यकृताचे चाळीस टक्के तरी उरावे लागते. अठ्ठावीसवर ऑपरेशन केले असते तर गाठ निघाली असती आणि माणूस यकृत बंद पडून आठपंधरा दिवसांत गेला असता. म्हणजे आजच काढा म्हणणे हे मरण लवकर बोलाविणेच होते.

यासाठी उजव्या भागाकडे जाणारी पोर्टल नीलेची फांदी आतून बंद करतात. ज्या अंगाचे पाणी तोडले ते अंग सुकते आणि सगळे पाणी दुसऱ्या अंगाला वळले म्हणजे ते वाढीस लागते. पाचसहा आठवड्यांत डावे यकृत फुगते. जपानी सर्जनांनी १९८० नंतर ही युक्ती ऑपरेशनपूर्वी वापरण्यास सुरुवात केली. पण नीला बंद केली म्हणून गाठ मरत नाही, कारण तिचे पोषण रोहिणीतून; उलट वाट पाहण्याच्या दिवसांत ती वाढण्याचे भय. म्हणून त्याआधी रोहिणीचा पाट बंद करावयाचा. याला डॉक्टर मंडळी 'टेस' म्हणतात. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट गाठीच्या शिरेपर्यंत नेतात आणि कर्करोगाचे औषध तेलात कालवून तेथे सोडतात, मग ती शीर बुजवितात. हे तेल कशाचे माहीत आहे? खसखशीचे. त्याच्याशी आयोडिनाचा संयोग करून ते तयार करतात. गाठ ते शोषून धरते आणि एक्स-रेवर ती पांढरी दिसते. आपण खसखस शिऱ्यावर नि अनारशांवर पेरतो, आणि तिचे तेल असल्या कामी येते, याचे मला फार नवल वाटले.

'टेस'साठी पुरी भूल लागत नाही. दिरांना नंतर चार दिवस ताप आला, पोट दुखले, ओकाऱ्या झाल्या. ते बहुतेकांना होते, आणि आधी माहीत असले म्हणजे घाबरगुंडी उडत नाही. त्यानंतर महिन्याने नीला बंद केली, त्याचा त्रास फारसा झाला नाही. मग सहा आठवडे थांबणे. हे थांबणे सर्वांत कठीण. पण थांबण्यातही डॉक्टरांचा हेतू असतो. त्या काळात दुसरीकडे नवीन गाठी उठल्या तर रोग आधीच पसरला होता असे कळते आणि एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेतून माणूस विनाकारण जात नाही. याच दिवसांत हिपॅटायटिस बी साठी रोजची एक गोळी चालू झाली, ती आजतागायत चालू आहे. गोळीने विषाणू दबून राहतो आणि मागे उरलेल्या यकृताचा ऱ्हास थांबतो. दोन रोग म्हटले ना, त्यांतल्या दुसऱ्यावरचा हा उपचार. तो दिसायला अगदी लहान म्हणून घरची माणसे आधी तोच विसरतात.

येथे दुसऱ्या एका कुटुंबाविषयी सांगितले पाहिजे. दादरला गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परगावच्या कर्करोगी माणसांची तेथे सोय होते. तेथे आमची विदर्भातल्या एका जोडप्याशी ओळख झाली. त्यांनाही हाच क्रम सांगितला होता. 'टेस' झाली, महिन्याने रक्त तपासले तर अल्फा फीटोप्रोटीन नावाचा आकडा, जो या रोगात पुष्कळांचा वाढतो, तो खूप उतरला होता. गृहस्थांना भूक लागू लागली, चेहऱ्यावर तेज आले. गावी गेल्यावर सर्वांनी ठरविले की, गुण आला आहे तर आता पोट फाडायचे कशाला? ते पुढच्या तारखेला आलेच नाहीत. सात महिन्यांनी आले तेव्हा गाठ मुख्य नीलेत शिरली होती आणि सर्जनला करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्या पत्नीने जाऊबाईंना फोनवर विचारले, "पहिल्यांदा बरे वाटले ते खोटे होते का हो?" खोटे नव्हते, पण तो पहिला टप्पा होता. 'टेस'ने गाठ पुष्कळदा अर्धवट मरते आणि उरलेली काही काळाने पुन्हा डोके वर काढते. ज्या रोग्याचे ऑपरेशन होऊ शकत नाही त्याच्यासाठी 'टेस' हाच मुख्य उपचार असतो आणि त्याने आयुष्य वाढते, हे २००२ साली स्पेन आणि हाँगकाँग येथल्या अभ्यासांनी दाखविले आहे. परंतु ज्याच्यासाठी ती ऑपरेशनची पूर्वतयारी म्हणून ठरविलेली आहे, त्याने तेथे थांबणे म्हणजे पीठ मळून ठेवून चूल विझविणे. नळीचा उपचार, नीला बंद करणे आणि शस्त्रक्रिया हे तीन वेगळे उपचार नव्हेत. एकाच उपचाराचे ते तीन हप्ते आहेत.

आमच्याकडे फोटो आला तेव्हा डावे यकृत एक्केचाळीस टक्के भरले. ऑपरेशन साडेसहा तास चालले. चार दिवस अतिदक्षता विभागात, पोटात थोडे पाणी झाले, ते औषधांनी ओसरले. पंधराव्या दिवशी घरी.

मग एक नवाच प्रश्न निघाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाचे औषध काहीच दिले नाही. शेजारच्या बाईंना स्तनाच्या ऑपरेशननंतर सहा महिने केमोथेरपी दिली होती, मग ह्यांना का नाही? आमच्याकडे पैसे नसतील असे समजून दिले नाही की काय, अशी शंका जाऊबाईंच्या मनात आली. मी ते विचारून घेतले. शिरेतून देण्याची नेहमीची केमोथेरपी यकृतात उपजलेल्या कर्करोगावर फारशी चालत नाही. सोराफेनिब नावाची गोळी वाढलेल्या रोगात आयुष्य काही महिने वाढविते, हे २००८ साली प्रसिद्ध झाले; मग ती शस्त्रक्रियेनंतर देऊन पाहिली, तर २०१५ च्या मोठ्या अभ्यासात तिचा काहीच फायदा दिसला नाही. पुढे शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे आली. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी वाढलेल्या रोगात सोराफेनिबपेक्षा सरस ठरली, हे २०२० साली सिद्ध झाले. तीच जोडी शस्त्रक्रियेनंतर दिली तर रोग परत येणे लांबते असे २०२३ साली वाटले होते. परंतु रोग्यांना आणखी काळ पाहिल्यावर, २०२४ साली, तो फायदा टिकलेला दिसला नाही. तेव्हा डॉक्टर काही देत नाहीत म्हणजे हयगय करतात असे नव्हे. जोड द्यायची ती उपयोगाची असेल तर. नुसते जास्त म्हणजे चांगले नव्हे. उलट 'टेस'च्या जोडीला अशी औषधे देण्याच्या दोन अभ्यासांत, जे २०२५ साली छापून आले, रोग वाढावयास लागेपर्यंतचा काळ लांबलेला दिसला. आयुष्य वाढते असे मात्र त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. आज न होणारे ऑपरेशन औषधांनी गाठ आकसून उद्या होऊ शकेल का, याचेही प्रयोग चालू आहेत, आणि काही रोग्यांत तसे घडलेही आहे. विज्ञान चालते आहे; आपण दर वेळी नव्याने विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरचा खरा उपचार म्हणजे पहारा. यकृतातली गाठ पुरी काढली तरी पाच वर्षांत शंभरातल्या सत्तर जणांपर्यंत तिचा रोग यकृतात पुन्हा दिसतो. हा आकडा ऐकून मी वही मिटली होती. पण डॉक्टर म्हणाले, परत येतो हे खरे, आणि लहान असताना सापडला तर पुन्हा काढता येतो हेही खरे. दर तीन महिन्यांनी रक्त आणि स्कॅन. दीड वर्षाने डाव्या भागात दोन सेंटिमीटरचा ठिपका दिसला. या वेळी पोट उघडले नाही. सोनोग्राफीत पाहत पाहत सुई ठिपक्यात घातली आणि विजेच्या लहरींच्या उष्णतेने तो जाळला. दोन दिवसांत घरी. तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला हा उपचार फार चांगला लागू पडतो. एखाद्याच्या यकृतात दोन गाठी दूरदूर असल्या तर एकाच वेळी मोठी कापून काढतात आणि लहान जाळतात, असेही करतात. दीर आज शेतावर जातात. ओझे उचलीत नाहीत, हिशेब पाहतात, आणि आमच्यावर पूर्वीसारखेच रागावतात.

यकृत बदलण्याविषयी पुष्कळजणी विचारतात. माणसावर पहिले यकृतारोपण स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत केले. आपल्या देशात यशस्वी यकृतारोपण १९९८ साली दिल्लीस झाले. यात गाठही जाते आणि निबर यकृतही जाते, म्हणजे दोन्ही रोगांवर एकच घाव. परंतु ते प्रत्येकाला लागू नाही. इटलीतल्या मिलानच्या माझाफेरो यांनी १९९६ साली नियम घालून दिला : गाठ एक असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि रोग शिरांत किंवा बाहेर गेलेला नसावा. अशांपैकी शंभरात पंचाहत्तर चार वर्षांनीही जिवंत होते. यकृत मिळेपर्यंत गाठ वाढू नये म्हणून मधल्या काळात 'टेस' किंवा सुईचा उपचार करून तिला थोपवून धरतात. म्हणजे येथेही जोडउपचार आलाच. आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायका फार जास्त आहेत. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, आणि तिची शस्त्रक्रियाही मोठीच असते हे घरातल्या पुरुषांच्या ध्यानात सहसा येत नाही. जाऊबाई तयार होत्या. पण दिरांची गाठ त्या मापात बसत नव्हती आणि यकृत ऑपरेशन सोसण्याजोगे होते, म्हणून ते टळले. कोणावर वेळ आली तर देण्याआधी देणारीने स्वतःसाठीही प्रश्न विचारावेत. नाही म्हणण्याचा तिला हक्क आहे, आणि रुग्णालयाने तिला एकटीला बसवून विचारले पाहिजे.

एक खुलासा राहिला. यकृतात गाठ दिसली म्हणजे ती यकृतातच उपजली असे नव्हे. मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा यकृतात उतरतो. त्याची गोष्ट निराळी. तेथे भोवतीचे यकृत सहसा निरोगी असते आणि केमोथेरपी चांगली चालते. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयातल्या रेने आदाम यांनी २००४ साली प्रसिद्ध केले की, ज्यांचे ऑपरेशन होणार नाही असे आधी ठरले होते त्यांपैकी शंभरात बारातेरा जणांच्या गाठी केमोथेरपीने इतक्या आकसल्या की पुढे शस्त्रक्रिया करता आली, आणि त्यांतले तिसरा हिस्सा रोगी पाच वर्षांनी जिवंत होते. एके काळी यकृतात उतरला म्हणजे संपले, असे म्हणत. म्हणून गाठ कोठली, हे पहिले विचारावे.

पैशांचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार बसतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून कोणता टप्पा बसतो आणि कोणता नाही ते पहिल्याच दिवशी विचारावे. आम्हांला एक टप्पा बसला, एक बसला नाही. जाऊबाईंच्या पाटल्या त्यात गेल्या. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या व गोळ्या २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. सी ची कावीळ तर बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ बरी होते. माळेविषयी एवढेच सांगते की, तिने कोणाचे यकृत बिघडत नाही, पण दिवस जातात. काढ्यांनी मात्र बिघडू शकते. करोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रोगी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले आहेत. आयुष मंत्रालयाला ते मान्य झाले नाही. तरीही ज्याचे यकृत आधीच आजारी आहे त्याने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कोणतीही मुळी पोटात घालू नये, असे माझे मत आहे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरे तर मी आज उभी राहिले. हिपॅटायटिस बी बहुतेक वेळा आईकडून मुलाला जन्माच्या वेळी लागतो, किंवा लहानपणी घरातच. रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, एकमेकांच्या वस्तऱ्यातून, नवराबायकोच्या संबंधांतून तो पसरतो. एका ताटात जेवल्याने पसरत नाही. दिरांचे ताटवाटी वेगळी ठेवणारे आमचेच नातेवाईक निघाले, त्यांना हे सांगावे लागले. पण दिरांना तो लहानपणी लागला असेल तर त्यांच्या भावंडांनाही असण्याचा संभव. म्हणून डॉक्टरांनी सर्वांचे रक्त तपासायला सांगितले. नणंद निघाली नाही. आमच्या ह्यांना निघाला. ह्यांना कसलाही त्रास नाही, कधी कावीळ झालेली आठवत नाही. आता दर सहा महिन्यांनी ह्यांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते. आजवर तीनदा झाली, तिन्ही वेळा चांगली आली. माझे आणि मुलांचे रक्त निर्मळ निघाले, आम्ही लस टोचून घेतली. ही लस तैवानने १९८४ साली नवजात मुलांना देण्यास सुरुवात केली आणि तेथल्या मुलांतला यकृताचा कर्करोग पुढे खरोखर कमी झाला. आपल्या देशात २०११ पासून ती सर्व राज्यांत बाळांना देतात. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पाहिजे; आईला विषाणू असेल तर बाळाला त्याबरोबर आणखी एक इंजेक्शन लागते. ज्यांच्या सुना, लेकी बाळंतपणाला येणार आहेत त्यांनी हे आधीच विचारून ठेवावे.

आपण चाळीस-पन्नास वयाच्या बायकांना लहानपणी ही लस मिळालेली नाही. डॉक्टरीणबाईंनी येत्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मंडळाच्या जागेत येऊन रक्ताचे नमुने घेण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी कोणाला जुनी कावीळ होती, पूर्वी कधी रक्त चढविले होते किंवा भावंडांपैकी कोणाचे यकृत बिघडले आहे, त्यांनी आपली आणि घरच्या पुरुषांची नावे चिटणीसबाईंच्या वहीत आजच लिहून द्यावीत. पुरुष मंडळी कुरकुर करतील. आमचे हेही करीत होते.